ताणाची चिंधी

बागेला पाणी मीच सोडलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की म्हातारा स्वतःला वाचवून लिहितोय. चार दिवस मी ते माझ्या चुलतभावावर ढकललं, भर बांधावर त्याला नको नको ते बोललो, आणि त्या चार दिवसांत मला बिलकुल शंका आली नाही की हात माझाच होता. खोटं बोलत असतो तर बरं होतं. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत तरी असतं.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढं बापानं गुरं दिली हातात. तेव्हापासून सही आणि पोथीतली मोठी अक्षरं सोडली तर लिहिण्या-वाचण्याशी संबंध नाही. आता जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज एक पान लिहा, मनात येईल ते लिहा. म्हणून नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन बसतो. हात दुखतो. एका पानाला सकाळ जाते. पण सकाळी दुसरं काम तरी काय उरलंय?

आमचं गाव घनसावंगीपासून जवळ. काळी जमीन, दीड एकर मोसंबी. बाग लावली त्याला वीस वर्षं झाली. खड्डे मी घेतले, रोपं बायकोनं धरली, माती दोघांनी लोटली. मोसंबीचं एक आहे. तिला फुलं यायला हवी असतील तर आधी तिला तहानेनं मारावं लागतं. तुळशीचं लग्न लागलं की पाणी तोडायचं, ते थेट संक्रांतीपर्यंत. पानं मलूल पडतात, पिवळी होतात, काही गळतात. बघवत नाही. पण मधे हात ढिला करायचा नाही. मग संक्रांतीला हलकं पाणी दिलं की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढरं होतं, वास घरापर्यंत येतो. याला ताण म्हणतात. ताणात मधेच पाणी मिळालं की झाड फुलं सोडून देतं आणि नुसती पालवी काढत बसतं. वर्ष वाया.

पाणी तोडलं त्या दिवशी माझी बायको जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची आणि बागेच्या कॉकला तीन गाठी मारून बांधायची. विहिरीपाशी पाइपांवर पाणी सोडायचे दोन कॉक आहेत, शेजारी शेजारी. एक शेताचा, एक बागेचा. बागेचा फिरवायला गेलं की आधी हाताला चिंधी लागायची. मी तिला हसायचो.

"मी काय येडा झालो का गं, ताण विसरायला?"

"तुम्ही न्हाई हो," ती म्हणायची. "तुमचा हात येडा हाय. त्याला रोजची सवय हाय."

वीस वर्षं हेच बोलणं. दर वर्षी एकदा.

श्रावणात ती गेली. ताप आला, घनसावंगीला नेली, तिथून जालन्याला नेली, तिसऱ्या दिवशी आणली. याहून जास्त लिहायला मला जमत नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तरी. तेराव्याला नात्यातल्या बायकांनी तिची लुगडी वाटून घेतली. तशी रीत आहे. एखादं राहू द्या असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण पुरुषानं बायकांपाशी लुगडं मागायचं कसं? तुळशीच्या लग्नानंतर बागेचं पाणी तोडलं तेव्हा बांधायला घरात तिचं काही नव्हतं. माझ्या धोतराची पट्टी बांधता आली असती. मला ते बायकांचं काम वाटलं. शिवाय मी काय येडा झालो होतो का?

ती गेल्यावर काय काय गेलं ते मला एकदम कळलं नाही, हळूहळू कळत गेलं. सकाळी चहाच्या आधी ती माझ्या तळहातावर बीपीची गोळी ठेवायची. कपबशीच्या आधी गोळी. मी कधी गोळीचं नाव वाचलं नाही, रंग बघितला नाही. ती गेल्यावर कधी घ्यायचो, कधी राहायची, कधी दोनदा पोटात जायची. पाकीट बघून हिशेब लागायचा नाही, मग बंदच केली. काही झालं नाही. म्हटलं, लागतच नव्हती. तंबाखूवर तिचा पहारा होता, तो उठला. झोप पहाटेच उडायची. आणि बोलणं.

बोलण्याचं जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं.

माझा चुलतभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचं घर माझ्या घराला लागून, त्याचं शेत माझ्या शेताला लागून, विहीर दोघांची एक, मोटर एक. एक दिवस पाणी त्याचं, एक दिवस माझं. त्याची बायको लग्न होऊन आली त्याला चाळीसेक वर्षं झाली असतील, आणि या चाळीस वर्षांत ती माझ्याशी एक शब्द सरळ बोललेली नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर पदर पुढं ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडं तिच्या पिढीनं शेवटपर्यंत पाळलं. मला काही सांगायचं असलं तर ती माझ्या बायकोला सांगायची. बायको नसली तर शेळीला सांगायची, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. "का गं, तुझ्या मालकांना कुणी सांगंल का, वावरात डुक्करं शिरली म्हणून?" मग मी काठी घेऊन निघायचो. यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

पण मी वीस सुगीचे हंगाम मळणीयंत्रावर काढले. दिवसभर कानाशी घरघर. कान कधी गेले ते मला कळलंच नाही, कारण बायको माझ्याशी बोलताना आपोआप मोठ्यानं बोलायची आणि बाकीच्यांचं बोलणं मला परत सांगायची. ती होती तोवर मी बहिरा नव्हतो. तिच्यामागं शेळीला सांगितलेलं शेळीपाशीच राहायला लागलं.

ताणाला महिना होऊन दोन-तीन दिवस झाले होते. त्या दिवशी पाळी माझी. लाइट सकाळी आली. मी गव्हाला पाणी द्यायला गेलो. कॉक फिरवला, मोटर चालू केली, विहिरीच्या कट्ट्यावर बसून तंबाखू मळली, थोडा वेळ बसलो आणि घरी आलो. कॉक कोणता फिरवला, हे तुम्ही मला आज विचारलंत तरी मी छातीवर हात ठेवून सांगेन की गव्हाचा. मला तसंच दिसतं. हात गव्हाच्या कॉकवर आहे, थंड लागतोय. आता काय म्हणावं? डोळ्यासमोर दिसणारी गोष्ट झालेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. बागेला ठिबक आहे, नळ्या बुंध्याशी. प्रत्येक झाडाखाली ताटाएवढा काळा ओला गोल. रांगेनं, शेवटच्या झाडापर्यंत. मी खाली बसून एका गोलात बोटं घातली. दुसरं पेर बुडेपर्यंत ओल होती. मग गव्हात गेलो. गहू ठणठणीत कोरडा.

त्यावरून माझ्या डोक्यात जे जुळलं ते असं, की मी गव्हाचा कॉक खोलून घरी गेलो आणि मागून कुणीतरी येऊन तो बंद करून बागेचा खोलला. मुद्दाम. आणि विहिरीवर दुसरा येणार कोण? चुलतभाऊ बांधावर गवत कापत होता.

"बागेला पाणी कुणी सोडलं?"

"कोणत्या बागेला?"

"मला किती बागा हायेत रे?"

"दादा, मी काहून सोडू? काल पाळी तुमची होती."

"माझीच होती. मी गव्हाला खोलून घरी गेल्तो. मंग मागून कोण आलं? भूत?"

"असंल," तो म्हणाला आणि हसला. खरंच चेष्टेवारी नेत होता तो. "तुमच्याकडून गव्हाला पाणी मिळना म्हणून वैतागलं असंल."

मला त्या हसण्याचा राग आला. मी म्हणालो, बांध कोरून पोट भरलं नाही तर आता माझ्या झाडांच्या मुळावर उठलास. ती होती तोवर हिंमत झाली नाही, आता मी एकटा सापडलो. तो मधे काहीतरी सांगायला लागला, ते ऐकून न घेता आणखी बोललो. त्याच्या बापाला बोललो, जो माझा चुलता होता आणि ज्यानं मला पोहायला शिकवलं होतं. तो उभा राहिला. विळा खाली ठेवला त्यानं, हे मला आठवतं.

"वयिनी असत्या तर त्यांनी तुम्हाला हे बोलू दिलं नसतं."

"तिचं नाव काढू नको."

"न्हाई काढत. तुम्ही थोरले म्हणून ऐकून घेतलं, दादा. आता पुन्हा मला हाक मारू नका."

त्याची बायको लिंबाखाली शेळीजवळ उभी होती, पदर नाकापर्यंत. ती शेळीला काहीतरी तावातावानं बोलत होती. मला वाटलं, शेळीनं पिकात तोंड घातलं असेल.

चार दिवस आमचं बोलणं बंद. म्हणजे चार दिवस माझं बोलणंच बंद, कारण दुसरं माणूस नव्हतं. त्याच्या पाळीला मी शेतात गेलो नाही, माझ्या पाळीला तो आला नाही. पाचव्या दिवशी रविवार होता. जालन्याहून मुलगा आला. तो तिकडं एका ऑफिसात कारकून आहे. मी त्याला बोलावलं नव्हतं. चहा घेतला आणि म्हणाला, "आबा, काकांना काय काय बोलून राह्यले तुम्ही?"

"त्यानं बागेचा ताण मोडला."

"त्यांनीच फोन केल्ता मला. भांडायला न्हाई. म्हणले, तुझ्या बापाला दवाखान्यात दाखव."

"म्हणजे? बाग बुडवायची आन् वरतून मला येडा ठरवायचं?"

मुलगा उठून शेजारी गेला. तो त्यांचा पुतण्या, त्याच्याशी काकू मोकळी बोलते. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात माझी चुन्याची डबी होती. पितळेची, झाकणाला पोचा आलेली. मी ती चार दिवस शोधत होतो आणि ती नाही म्हणून चुना कागदात बांधून नेत होतो.

"काकूला बागेच्या कॉकवर सापडली," तो म्हणाला. "तिनं तुम्हाला कॉक फिरवताना बघितलं, आबा. ती तिथंच होती, लिंबाखाली."

"मंग हाक काहून न्हाई मारली तिनं?"

"मारली. शेळीला. तीनदा म्हणली, अगं ताणावरल्या बागेला पाणी चाललं. तुम्ही बघितलं बी न्हाई तिच्याकडं."

"नवऱ्याला का न्हाई सांगितलं मंग लगेच?"

"काका त्या दिवशी बाजाराला वाटूरला गेल्ते, रात्री लई उशिरा आले. ती स्वतः कॉक बंद करायला गेली तवर लाइट गेल्ती. आन् दुसऱ्या दिवशी सांगायच्या आधीच तुम्ही बांधावर सुरू झालते."

मी डबी हातात घेतली. उघडली. चुना वाळून खडा झाला होता. मला पहिली गोष्ट काय वाटली सांगू? चुलतभाऊ त्या दिवशी गावातच नव्हता. पाणी सोडलं त्या दिवशी तो वाटूरच्या बाजारात बसला होता, आणि मी त्याच्या मेलेल्या बापाला बोललो होतो. डोक्याचं काय झालंय हे नंतर सुचलं.

जालन्याला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या नातीहून फार मोठ्या नसतील. बोलायला मायाळू, पण मला त्यांचं निम्मं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी आधी तेच लिहून घेतलं. मग परीक्षा. महिना कोणता? मार्गशीर्ष म्हणालो. त्या मुलाकडं बघायला लागल्या. मुलगा म्हणाला, बरोबर आहे मॅडम. शंभरातून सात, पुन्हा सात काढत जायला सांगितलं, ते मी त्यांच्या बोटाआधी काढलं. तीन वस्तू सांगितल्या आणि म्हणाल्या, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. मग कागद दिला, म्हणाल्या घड्याळ काढा. मी गोल काढला, छान काढला, भाकरीसारखा. आकडे भरत गेलो तर सहाच्या आतच सगळी जागा संपली आणि बाकीचे कुठं बसवावेत कळेना. तिसरीत सोडलेली पेन्सिल साठ वर्षांनी हातात दिल्यावर दुसरं काय होणार? त्या म्हणाल्या, "बाबा, शाळा कमी झाली असली की हे अवघड जातं, मी ते धरून चालते." मग वस्तू विचारल्या. किल्ली आणि गुलाब सांगितलं. तिसरी आली नाही. अजून आली नाही. कधी कधी जेवताना आठवून बघतो.

मग प्रश्न. किती शिकलात? कधीपासून ऐकू कमी येतं? तंबाखू किती? झोप किती? बीपीची गोळी घेता का? साखर कधी तपासली? पडलात का कधी? पायी किती चालता? मी प्रत्येकाला उत्तर देत गेलो आणि मला हळूहळू कळायला लागलं की ही बाई माझ्या बायकोची यादी वाचतीय. यातलं प्रत्येक काम ती करत होती. मी फक्त राहत होतो.

शेवटचा प्रश्न होता, दिवसभरात कोणाशी बोलता?

मी मुलाकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"झाडांशी," मी म्हणालो.

बाईंनी तेही लिहिलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हा वेड लागण्याचा आजार नाही. वयानं सगळेच थोडं विसरतात, त्याच्या थोडं पुढं, आणि पार विसरून जाण्याच्या बरंच अलीकडं, अशी एक जागा असते. मी तिथं आहे. काहीजण वर्षानुवर्षं तिथंच राहतात, काहीजण मागं फिरतात, काही पुढं जातात. मी कोणत्यात, ते आज सांगता येत नाही. शाळा कमी, कान गेलेले, रक्तदाब मोकाट, तंबाखू, झोप नाही, घरात एकटं आणि मन दुःखात, या सगळ्यानं माणूस तिकडं लवकर सरकतो.

"शाळेचं आता काय करू?" मी विचारलं. "नाव घालू का पुन्हा?"

त्या हसल्या. "शाळेचं राहू द्या. गोळी चालू करा, कानाला मशीन लावा, तंबाखू सोडा, चाला, रोज थोडं लिहा. आणि माणसांत राहा, बाबा. दुःख मी गोळीनं नाही काढू शकत."

हे बाकी सरळ बोलल्या. मला आवडलं.

माणसांत राहा म्हणल्यावर मुलाला मोकळीक मिळाली. त्याचं म्हणणं तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरी राहावं, बाग बटईनं द्यावी, गावच्या घराला कुलूप लावावं. आठ दिवस राहिलो. कानात मशीन बसवून घेतली. सून चांगली आहे, गोळी वेळेवर देते. पण सकाळी नऊला सगळे जातात ते संध्याकाळी सातला येतात. मी खिडकीत. समोर दुसऱ्याची खिडकी. मशीनमधून मला फ्रिजची घरघर ऐकू यायची आणि मळणीयंत्र आठवायचं. नवव्या दिवशी म्हणालो, मला गावाला सोड.

"आबा, डॉक्टर काय म्हणल्या?"

"माणसांत राहा म्हणल्या. तुझ्या घरात दिवसा माणूस कुठंय?"

तो म्हणाला, "तिकडं तरी कोण हाय?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पंधरा-वीस दिवसांपूर्वीपर्यंत. ते मी माझ्याच तोंडानं घालवलं होतं. मुलाला ते ठाऊक होतं म्हणूनच त्यानं विचारलं. शेवटी म्हणाला, "काका-काकू बघणार असतील तर राहा. त्यांनी नको म्हणलं तर मी येऊन घेऊन जातो, मंग काही बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत," मी म्हणालो.

एसटीत मशीन काढून खिशात ठेवावी लागली, इतका खडखडाट. गावात उतरलो आणि घरी न जाता आधी बागेत गेलो. झाडांच्या शेंड्यांना कुठं कुठं पोपटी पालवी फुटली होती. व्हायचं ते झालं होतं. विहिरीपाशी गेलो. बागेच्या कॉकला चिंधी होती. जांभळी, बारीक पिवळ्या काठाची. तीन गाठी. हे लुगडं मी ओळखतो. नातीच्या बारशाला घेतलेलं. तेराव्याला ते चुलतभावाच्या बायकोनं घेतलं होतं, एवढं मला तेव्हा दिसलं होतं. ती ते नेसत असेल असं मी धरून चाललो होतो. तिनं ते फाडलं होतं.

मी तिथं किती वेळ बसलो ते माहीत नाही. उठलो तेव्हा पाय झिणझिणत होते.

तसाच त्यांच्या दारात गेलो. चुलतभाऊ ओट्यावर दोर वळत होता. त्यानं वर बघितलं नाही. मी उभ्यानंच बोललो, नाहीतर बसल्यावर धीर झाला नसता.

"पाणी मीच सोडल्तं. तुझा संबंध न्हाई. चुलत्याचं नाव घेतलं ते लई वाईट केलं."

तो दोर वळत राहिला. "वाटूरला मी त्या दिवशी तुमच्यासाठी बी कोळपं बघितलं. म्हणलं दादाचं मोडलंय."

"हं."

"आणलं न्हाई मंग."

"बरं केलं."

त्यानं मान वर केली. "कानात काय अडकवलं?"

"मशीन. ऐकायची."

"काय सांगता? आता येतं का ऐकू?"

"येतं."

तो तोंड फिरवून पुटपुटला, "खडूस म्हातारं."

"तेबी आलं ऐकू."

"आयला!" तो म्हणाला आणि दोर खाली ठेवला. "आता चाळीस वर्षांची सवय मोडावी लागंल मला." आतून बांगड्यांचा आवाज आला. बहुतेक ती हसत होती. तो आत बघून म्हणाला, "चहा टाक. दादाला साखर कमी."

मी ओट्यावर बसलो. दाराच्या आड ती उभी आहे हे मला माहीत होतं. तिकडं न बघता बोललो. म्हणालो, मधलं माणूस गेलं. आता निरोप कुणाजवळ देणार? शेळीजवळ दिलेला मला पोचत नाही. मी भासरा-बिसरा आता कामाचा राहिलो नाही. काही दिसलं, माझं काही चुकलं, तर सरळ मला सांगायचं. ओरडून सांगायचं. मी वाईट धरणार नाही.

चुलतभाऊ हळूच म्हणाला, "तिला जमायचं न्हाई, दादा."

बागेचं सांगून टाकतो. ताण परत धरला. संक्रांत गेली तरी पाणी दिलं नाही, आणखी काही दिवस थांबलो. दिवस चुलतभावाची बायको मोजत होती, मी मोजायचे नाहीत असं तिघांचं ठरलं. पण मोडलेला ताण तो मोडलेलाच. यंदा झाडं निम्मीअर्धी फुलली, तीही मागं-पुढं. एका फांदीला फूल, शेजारच्या फांदीला नुसता पाला. वास घरापर्यंत आला नाही, बागेत जाऊनच घ्यावा लागला. मुलानं अजून नेलं नाही. फोन करतो, पण मला नाही, काकूला करतो. कशी आहे तब्येत, काय विसरले, काय नाही. आधी राग आला. आता वाटतं, मला विचारून त्याला काय कळणार? मी तर गव्हाचाच कॉक फिरवलाय अजून.

गोळ्यांना मुलानं डबा आणून दिला आहे, सात खणांचा. तंबाखू सुटलेली नाही, कमी झाली आहे. रडू येतं ते दुपारी येतं, का ते माहीत नाही.

मागचं एक सांगायचं राहिलं. तो ओट्यावरचा चहा होऊन तेव्हा चार-पाच दिवस झाले असतील. सकाळची वेळ. मी पायरीवर ऊन खात बसलो होतो. ती अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर पुढं, हातात शेळीचा दोर. मला वाटलं, आता शेळीला बोलेल. तिनं शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही, जमिनीकडं बघितलं.

"दादा," ती म्हणाली. "गोळी घेतली का?"

तिचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकत होतो, पण दुसऱ्याला बोललेला. हा माझ्याकडं आलेला पहिलाच. जाडसर आहे. कुणीही विचारलं तर मी हो म्हणतो, मुलाला, सुनेला, डॉक्टरीणबाईंना, सगळ्यांना हो म्हणून मोकळा होतो. चहा घेतल्याचं आठवत होतं. तळहात आठवत होता, पण तो आजचा की जुना, ते कळेना.

"आठवत न्हाई," मी म्हणालो.

तिनं शेळी लिंबाला बांधली आणि म्हणाली, "डबा आणा. बघू दोघं."